टोप्या काढून उभे राहिलेले पुरुष

माझ्या आयुष्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे असतील तर ते सुमन साळवे यांचे. माझ्या थोरल्या भावाच्या पत्नी, माझ्या वहिनी, राहणार अंबड, जिल्हा जालना. हे नाव मी आजवर पुष्कळ लोकांसमोर घेतलं आहे. इथे कॅनडात, मार्कहॅमला, चर्चच्या नाताळात घेतलं, मुलीच्या ग्रॅज्युएशनच्या जेवणात घेतलं, मी रिटायर झालो त्या दिवशी कंपनीच्या कॅफेटेरियात केक कापतानाही घेतलं. दर वेळी मी डोळे पुसले आणि दर वेळी लोकांनी टाळ्या वाजवल्या. आज ते नाव मी पहिल्यांदाच रागानं लिहितो आहे. राग त्यांच्यावर नाही.

मे संपत आलाय. गाड्यांचे विंटर टायर कधीच उतरले. संध्याकाळी आमच्या रस्त्यावर गवत कापायची यंत्रं घरघरतात आणि कापलेल्या गवताचा ओला वास खिडकीतून आत येतो. तो आला की मला गेल्या उन्हाळ्यातला, इथून लांब पश्चिमेचा अल्बर्टा प्रांत आठवतो. तिथल्या गवताचा वास ओला नव्हता, कोरडा होता, उन्हात भाजलेला, थोडासा ओव्यासारखा. वारा दिवसभर एकाच दिशेनं यायचा, इतका की संध्याकाळी एकच कान दुखायचा. लांब पश्चिमेला डोंगरांची निळी रेघ. आणि मधल्या सगळ्या मोकळ्या माळावर हातगाड्यांची रांग, लाकडी चाकांची कुरकुर, लांब झग्यांमधून पावलागणिक डोकावणारे पांढरे स्नीकर. हे सगळं किती सुंदर होतं ते मला माहीत आहे. तरी यंदा तो वास आला की डोक्यात तिडीक उठते.

आमच्या चर्चची तिथे मोठी जागा आहे. फार पूर्वी श्रद्धेपायी घरदार सोडून निघालेल्या माणसांनी, बैल घ्यायची ऐपत नव्हती म्हणून, हातगाड्यांवर संसार लादला आणि माळरान पायी ओलांडलं. त्यांची आठवण म्हणून उन्हाळा लागला की कॅलगरीहून, सरेहून, कुठून कुठून तरुण मुलंमुली येतात. त्या काळचे कपडे घालतात आणि तीन दिवस हातगाड्या ओढत माळावरून चालतात. त्यांची देखभाल करायला रिटायर झालेली जोडपी लागतात. त्यांना ज्येष्ठ मिशनरी म्हणतात. छातीवर नावाचा बिल्ला, राहायला एक ट्रेलर, मे ते ऑगस्ट मुक्काम, पगार नाही. मी आणि शालिनीनं अप्लाय केलं आणि आम्हाला बोलावणं आलं.

आमचे मित्र पाटणकर तेव्हा ग्रोसरीच्या दुकानात मेथीची जुडी हातात धरून मोठ्यानं म्हणाले होते, "साळवे, लोक रिटायर होऊन अलास्काच्या क्रूझला जातात. तू हातगाडी ओढायला चाललास? मग इमिग्रेशन कशाला केलंस? अंबडला काय हातगाड्या नव्हत्या?"

"होत्या ना," मी म्हणालो. "म्हणून तर चाललोय."

मुलगी म्हणाली, "डॅड, इट्स लिटरली कॉस्प्ले," म्हणजे निव्वळ सोंगं काढणं.  शालिनीनं फक्त झग्याच्या आतून घालायला चार सुती सलवारी शिवून घेतल्या. ती मूळची जालन्याची. उन्हात बारा तास लांब झगा म्हणजे काय प्रकार असतो, हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. गाड्या भरण्याचं काम चाललं होतं आणि मी बघत होतो. मुलं सगळं सामान मागच्या बाजूला रचत होती. मी पुढे झालो, दोन बादल्या उचलून चाकाच्या किंचित पुढे ठेवल्या आणि म्हणालो, "ओझं मागं गेलं की दांडी हातातून वर सुटते. आणि चढावर तर गाडीच माणसाला मागं ओढते." तिथले व्यवस्थापक, ब्रदर लॉइड, भला माणूस, उंच, कायम नाक सोललेलं, माझ्याकडे बघत राहिले. "हे तुम्हाला कसं ठाऊक?"

मी म्हणालो, "आमच्या घरी हातगाडी होती."

खोटं नव्हतं ते. पण त्या एका वाक्यावर मी पुढचे दोन महिने फुकट जेवलो, असं आता वाटतं. दुसऱ्या दिवसापासून मी "हातगाडी ठाऊक असलेला माणूस" झालो. चाकांना ग्रीस लावायचं तर ब्रदर साळवेंना विचारा. दांडी सैल झाली, ब्रदर साळवेंना बोलवा. आणि पहिल्या मुक्कामाला संध्याकाळी सगळे शेकोटीभोवती बसले की ब्रदर साळवे त्यांच्या घरच्या हातगाडीची गोष्ट सांगतील.

ती गोष्ट अशी. मी बारावीला होतो त्या वर्षी अंबडला पाऊस जेमतेम पडला होता. फेब्रुवारीतच आड आटले. गावाबाहेर एका मळ्यात बोअरला पाणी होतं, तिथून आणायचं. दादा ट्रकवर क्लीनर होता, आठवडे आठवडे बाहेर. वडील नव्हते, आई अंथरुणाला खिळलेली. आमच्याकडे दोन चाकांची एक हातगाडी होती आणि तिच्यावर आडवं बांधलेलं टिपाड, म्हणजे डांबराच्या पिंपासारखं दोनशे लिटरचं लोखंडी पिंप. वहिनी पहाटे एक आणि दुपारी एक खेप घरासाठी आणि गल्लीतल्या म्हाताऱ्यांसाठी आणत. शिवाय बाजारातल्या दोन खानावळींचं पाणी त्यांच्याकडे होतं, त्यावरच घर चालायचं. आमचं घर चढावर. गाडी चढाच्या तोंडाशी आली की पाणी पिंपात डुचमळायचं आणि तो आवाज मला खिडकीत ऐकू यायचा. वहिनी तेव्हा वीस वर्षांच्या. लग्न झालं तेव्हा त्यांची नववी झालेली होती. त्यांनी बाहेरून दहावीला बसायचा फॉर्म भरला होता. चढ चढताना त्या विज्ञानाच्या व्याख्या मोठ्यानं म्हणायच्या, धापा टाकत, एकेक शब्द तोडत. त्यांचं चुकलं की मी खिडकीतून दुरुस्त करायचो. पुढे त्यांनी परीक्षा सोडली आणि मी पास झालो. जालन्याच्या कॉलेजातून बी.एस्सी. झालो, आमच्या सात पिढ्यांतला पहिला पदवीधर. ज्यांनी गाडी ओढली त्यांच्यामुळे मी आज तुमच्यासमोर उभा आहे.

इथे शेकोटीभोवती शांतता व्हायची. खिडकीतून दुरुस्त करण्याच्या जागी मुलं हसायची. ती जागा हसण्याची आहे, असं मलाही वाटायचं. तीस वर्षं मी ती तशीच सांगत आलो होतो, सराईतपणे, थोडं थांबून.

तिसऱ्या दिवशी चढ असायचा. त्या चढाचा एक रिवाज आहे. पूर्वीच्या त्या प्रवासात काही बायकांचे नवरे वाटेत वारले, काहींचे आधीच गेलेले होते, आणि त्या बायकांनी एकट्यांनी गाड्या ओढल्या. त्याची आठवण म्हणून चढाच्या पायथ्याशी मुलगे आणि पुरुष बाजूला होतात. ते आधी टेकडीवर जातात, वाटेच्या दोन्ही कडांना रांगेनं उभे राहतात, टोप्या काढून छातीशी धरतात. बोलायचं नाही, पुढे यायचं नाही, हात लावायचा नाही. मग खालून बायका आणि मुली भरलेल्या गाड्या घेऊन वर येतात.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. उन्हात चाकं वाळूत रुततात. मुली आडव्या होतात, जवळजवळ जमिनीला टेकतात. एखादीचा पाय घसरतो, मागची खांदा लावते. कुणीतरी भजन म्हणायला लागते आणि दम लागून मध्येच सोडते. आणि वर दोन्ही बाजूंना चाळीस-पन्नास पुरुष, टोपी छातीशी, गालांवरून पाणी. बाप रडतात, भाऊ रडतात, फुटबॉल खेळणारी दांडगी पोरं हुंदके देतात. मीही रडलो. पहिल्या आठवड्यात रडलो, दुसऱ्या आठवड्यात रडलो. शालिनी दर वेळी खाली मुलींबरोबर असायची, बासष्टाव्या वर्षी, गाडीच्या मागच्या फळीला हात लावून.

जूनच्या शेवटी एकदा चढ संपल्यावर ती ट्रेलरमध्ये आली, बूट काढले आणि पाय बादलीत सोडले. मी म्हणालो, "आज फार हृदयस्पर्शी झालं सगळं."

"तुम्ही रडत होतात म्हणे."

"सगळेच रडत होते."

"असाल," ती म्हणाली. "मला खालून फक्त टोप्या दिसत होत्या. अहो, त्या टोप्या धरलेल्या हातांनी एकानं जरी मागनं रेटा दिला असता ना, तर तुमचं सगळ्यांचं रडणं वाचलं असतं."

"तो रिवाज आहे, शालिनी. त्यात अर्थ आहे."

"अर्थ आहे. पण ओझंही आहे." आणि ती टाचेवरचा फोड बघायला लागली.

मला राग आला होता. पवित्र गोष्टीची चेष्टा करते, असं वाटलं. मी बाहेर जाऊन पाण्याच्या टाक्या धुतल्या, गरज नसताना.

पुढच्या आठवड्यात सरेचा गट आला. त्यात ग्रेस नावाची सोळा वर्षांची मुलगी होती, किरकोळ अंगाची, दातांना तारा. चढ झाल्यावर ती, पायांच्या फोडांवर पट्ट्या लावायचा आमचा तंबू होता तिथे, माझ्यासमोर येऊन बसली. मी तिची टाच पुसली, पट्टी कापायला घेतली.

"परवा तुम्ही तुमच्या वहिनींचं सांगितलंत ना," ती म्हणाली. "त्यांना काय व्हायचं होतं?"

"म्हणजे?"

"दहावी करून. पुढे. त्यांना काय व्हायचं होतं?"

मी म्हणालो, "त्या फार समाधानी आहेत. त्यांनी सगळं आनंदानं केलं."

"हो, पण काय व्हायचं होतं?"

मला माहीत नव्हतं. तीस वर्षं मी ज्या बाईची गोष्ट सांगत होतो तिला काय व्हायचं होतं, हे मला माहीत नव्हतं. मी पट्टी नीट चिकटवत राहिलो.

"आणि त्या गाडी ओढायच्या तेव्हा तुम्ही काय करत होता?"

"अभ्यास."

"ओके," ती म्हणाली. तिनं मोजा चढवला, थँक्यू म्हणाली आणि निघून गेली.

तो ओके माझ्या डोक्यातून गेला नाही. तिनं टोमणा मारला नव्हता. तिनं नुसतं ऐकून घेतलं होतं. मी मात्र दिवसभर तिच्यावरच चिडून होतो. आजकालच्या मुलांना त्याग कळत नाही, प्रत्येक गोष्टीत स्वतःचं काय ते बघतात, वगैरे. शालिनीला ऐकवलंही. ती म्हणाली, "त्या पोरीवर कशाला चिडता? वहिनींना फोन करा आणि विचारा की."

आमची सकाळ म्हणजे अंबडची संध्याकाळ. मी ट्रेलरच्या पायरीवर बसून व्हिडिओ कॉल लावला. वहिनी ओट्यावर बसून लसूण सोलत होत्या. गुडघे पुढे पसरलेले, दोन्हींवर पट्टे.

"काय भाऊजी, जेवलात का?"

"सकाळ आहे इथं, वहिनी."

"मग चहा तरी प्या. काय ते डोक्यावर? शेतात बुजगावणं असल्यावानी दिसायलात." माझ्या गवती हॅटवर त्या मनसोक्त हसल्या.

मी विचारलं, "वहिनी, तुम्हाला दहावी करून काय व्हायचं होतं?"

"आज कामून विचारायलात?"

"असंच."

"नर्सबाई," त्या म्हणाल्या. लसूण सोलणं थांबलं नाही. "जालन्याच्या दवाखान्यात नर्सबाईचं शिक्षण होतं. दहावी पास लागायचं. मावशीनं तिथल्या मोठ्या बाईंना विचारून ठेवलं होतं."

"हे मला कधी सांगितलं नाहीत."

"तुम्ही कवा विचारलं?"

मी म्हणालो, "पण तुम्ही परीक्षा सोडलीत. आमच्यासाठी."

तेव्हा त्यांनी वर बघितलं. "मी कुठं सोडली? हॉल तिकीट आलं होतं की. पहिल्या पेपरच्या दिशी मी नवं लुगडं नेसून दारात उभी होते. टिपाड रिकामं होतं, खानावळीवाल्याचा माणूस दोनदा येऊन गेला. तुमचा त्या दिशी पेपर नव्हता, भाऊजी. मधी सुट्टी होती तुम्हाला. मला वाटलं, तुम्ही म्हणाल, वहिनी, आज गाडी मी नेतो. लई येळ उभी होते मी."

मी डोक्यावरची हॅट काढून मांडीवर ठेवली.

"मग काय," त्या म्हणाल्या, "लुगडं बदललं आणि गेले गाडी घेऊन. एक पेपर बुडाल्यावर बाकीचे देऊन काय करायचं? जाऊ द्या. जुन्या गोष्टी. शालिनीचे पाय कसे आहेत?"

मला तो दिवस आठवला. हेच सगळ्यांत वाईट. मी विसरलो असतो तर बरं झालं असतं. वहिनी दारात उभ्या होत्या, हिरवं लुगडं, उजेड त्यांच्यामागून येत होता म्हणून पुस्तकावर सावली पडली होती. मी मान वर न करता म्हणालो होतो, "वहिनी, जरा बाजूला व्हा ना, अंधार येतोय."

मग त्या बाजूला झाल्या.

टेकडीवर निदान नियम होता. पुढे यायचं नाही, हात लावायचा नाही, हे त्या पुरुषांना बजावलेलं होतं. अंबडला मला कुणीही अडवलं नव्हतं. उलट गाडी दारातच होती. सतरा वर्षांचा, अंगात ताकद असलेला, दिवसभर मोकळा मुलगा. मी ओझं कुठं ठेवायचं ते सांगू शकतो, दांडी कशी सुटते ते सांगू शकतो, कारण मी रोज खिडकीतून बघत होतो. त्या गाडीला मी उभ्या आयुष्यात हात लावलेला नाही.

त्यानंतर मी शेकोटीवर ती गोष्ट सांगितली नाही. घसा बसलाय, असं सांगून टाळलं. तेही खोटंच. पुढच्या गटाच्या वेळी चढावर उभा होतो, टोपी हातात. एक गाडी मध्येच थांबली, चाक एका दगडाला अडलं होतं. शालिनी मागून रेटत होती आणि गाडी मागे सरकत होती. मी टोपी टाकली आणि खाली गेलो. फळीला खांदा लावला. गाडी वर आली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. दोन्ही बाजूंचे पुरुष माझ्याकडे असे बघत होते, जणू मी प्रार्थनेत मोठ्यानं बोललो होतो. संध्याकाळी ब्रदर लॉइडनी मला शांतपणे सांगितलं, "तुमची भावना समजते. पण तुम्ही त्या मुलींचा अनुभव हिरावून घेतलात." मी माफी मागितली. शालिनी मागून मराठीत म्हणाली, "कसला अनुभव? दगड होता तो." ब्रदर लॉइडनी विचारलं, सिस्टर काय म्हणाल्या? मी म्हणालो, पाय दुखतायत म्हणाली.

ऑगस्टमध्ये आम्ही परतलो.

आता या मे महिन्यात ब्रदर लॉइडचा मेल आला आहे. त्या चढाच्या पायथ्याशी यंदा एक मोठा फलक लावायचा आहे. सगळे गट चढ चढण्याआधी तो वाचतील, दर उन्हाळ्याला, पुढची कित्येक वर्षं. मागच्या जूनमध्ये कुणीतरी माझी शेकोटीवरची गोष्ट रेकॉर्ड केली होती, तिच्यावरून मजकूर तयार केला आहे. मंजुरीसाठी पाठवला. वर माझा हॅट घातलेला फोटो. खाली लिहिलंय की भारतातल्या एका छोट्या गावात एका तरुण स्त्रीनं दिरावरच्या प्रेमापोटी स्वखुशीनं आपलं शिक्षण सोडलं, हसतमुखानं हातगाडी ओढली, आणि त्यामुळे एक कुटुंब दारिद्र्यातून वर आलं. तिचं नाव कुठेच नाही. माझं दोनदा आहे.

हसतमुखानं! मी त्या शब्दावर बोट ठेवून किती तरी वेळ बसलो. दोनशे लिटर पाणी चढावर ओढणाऱ्या बाईचं तोंड कुणी पाहिलंय का? मी पाहिलंय. दात आवळलेले असतात, मानेच्या शिरा तट्ट फुगलेल्या असतात, आणि नाकाच्या शेंड्यावरून घाम टपकत असतो तो पुसायला हात मोकळा नसतो. हे "हसतमुखानं" कुठून आलं? लॉइडना दोष देऊन काय उपयोग. माझ्याच तोंडून आलं. गेल्या तीस वर्षांच्या प्रत्येक टाळीत मीच ते थोडं थोडं घातलं.

आणि मी एकटा नाही, म्हणून जास्त संताप येतो. मार्कहॅमच्या आमच्या कार्यक्रमांत बघावं. शाल-श्रीफळ घेतलेला प्रत्येक पुरुष माइकपाशी येतो आणि म्हणतो, हिच्या साथीशिवाय हे शक्य नव्हतं. ती तिसऱ्या रांगेत बसलेली असते. सगळे वळून तिच्याकडे बघतात, ती हात जोडते. तिला काय व्हायचं होतं, असं कुणी विचारत नाही. विचारलं तर जेवण गार होईल. आम्ही आभार फार मनापासून मानतो. आभार मानताना आम्हाला रडू येतं, आणि रडलो की आपण चांगले आहोत असं वाटतं. आभार मानणारा माणूस कधीच आरोपी नसतो, ही केवढी सोय आहे.

मी ब्रदर लॉइडना उलट मेल लिहिला. मजकूर दुरुस्त करून पाठवला. तिचं नाव सुमन. तिनं शिक्षण सोडलं नाही, तिचा पेपर बुडाला. त्या दिवशी घरात एक धडधाकट मुलगा होता, त्याला सुट्टी होती, तो उठला नाही. तो मी. माझा फोटो काढून टाका.

दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. आवाजात खरंच कळकळ होती. "ब्रदर साळवे, मी वाचलं. झोप लागली नाही मला. पण चौदा वर्षांच्या मुलांसमोर चढाच्या तोंडाशी हे कसं लावू? हे उभारी देणारं नाही."

"चौदा वर्षांच्या मुलांसमोरच लावा," मी म्हणालो. "मी सतरा वर्षांचा होतो."

"आपण स्वतःला इतकं कठोरपणे..."

"लॉइड, तुमच्या टेकडीवर चाळीस-पन्नास मुलगे टोपी काढून उभे असतात. त्यातल्या एकाच्या घरी आज दारात कुणीतरी उभं असेल. त्याला काय सांगायचं आहे तुम्हाला? की टोपी काढ आणि रड?"

 शेवटी ते म्हणाले की समितीपुढे ठेवतो, पण वचन देत नाही. पहिला मजकूर लावायचा नाही, एवढं मात्र मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं. फोन ठेवताना त्यांनी अडखळत विचारलं, तुमच्या वहिनींची परवानगी आहे का या नव्या मजकुराला?

नव्हती. पुन्हा एकदा मी त्यांना न विचारताच त्यांची गोष्ट लिहिली होती, फक्त या वेळी स्वतःला वाईट ठरवून.  शालिनी समोर पोळ्या लाटत होती. म्हणाली, "आता फोन नका करू. फोनवर त्या तुम्हाला माफ करून मोकळ्या होतील आणि माझ्या पायांची चौकशी करतील. पत्र लिहा. पत्र वाचायला वेळ लागतो."

म्हणून हे पत्र काल पोस्टात टाकलं.

सौ. सुमन वहिनींना,
सप्रेम सलाम.

इथे सगळे बरे आहेत. शालिनीचे पायही बरे आहेत, ते आधीच सांगून टाकतो.

मी तुमची गोष्ट इथे पुष्कळ लोकांना सांगितली आहे. ती चुकीची सांगितली. तुम्ही परीक्षा सोडली असं सांगत आलो. त्या दिवशी मला सुट्टी होती हे मी कधीच सांगितलं नाही. तुम्ही दारात उभ्या होतात, तुम्हाला मी बाजूला व्हायला सांगितलं, हेही नाही. ते बाजूला व्हायला सांगितल्याचं तुम्ही फोनवर बोलला नाहीत. तुम्हाला आठवत असणार.

तुमचे आभार मानायला हे पत्र लिहीत नाही. आभार मी पुष्कळ मानले. माफ करा असंही लिहीत नाही, कारण तसं लिहिलं की तुम्ही लगेच जाऊ द्या म्हणाल, आणि या वेळी ते जाऊ द्यायचं नाही.

इथे एका टेकडीखाली फलक लावणार आहेत. त्यावर तुमच्याबद्दल काय लिहायचं, की काहीच लिहायचं नाही, हे तुम्ही ठरवा. तुमच्या शब्दांत सांगा. मी त्यात काही घालणार नाही, काही काढणार नाही. नको म्हणालात तर नको. पुन्हा विचारणार नाही.

आणखी एक. तीस वर्षं मी ही गोष्ट सांगतो आहे, पण हे पत्र लिहायला बसलो तेव्हा कळलं की त्या दिवशी तुमचा पेपर कोणता होता, हे मला माहीत नाही. तुम्ही कशाचा अभ्यास करून दारात उभ्या होतात? तेवढं कळवा.

तुमचा,
वसंत